एंगेलमान आणि प्रकाशाचे रंग

वनस्पतींस प्रकाश लागतो हें शेतकऱ्याच्या मुलासहि ठाऊक असतें. परंतु प्रकाशांतील कोणते रंग त्यांच्या विशेष कामीं येतात, हें डोळ्यांस दिसेल अशा रीतीनें दाखविलें तें थिओडोर विल्हेल्म एंगेलमान ह्या विख्यात जर्मन शास्त्रज्ञांनीं. त्यांचा जन्म १८४३ सालीं लाइप्झिग शहरीं झाला. वैद्यकाचें शिक्षण संपवून ते हॉलंडांतील उत्रेख्त येथें डोंडर्स ह्या नामांकित गुरूंच्या हाताखालीं काम करूं लागले. गुरुकन्येशीं त्यांचा विवाहहि झाला. पण ती साध्वी अल्पावकाशांतच निवर्तली. पुढें एमा ब्रांडेस ह्या पियानोवादनांत निपुण बाईंशीं त्यांनीं दुसरा विवाह केला. ते स्वतः चेलो वाजवीत. संगीतकार ब्राम्स ह्यांनीं आपली एक रचना त्यांस अर्पण केली आहे.

त्या काळीं पुष्कळ विद्वानांचा समज असा कीं, मनुष्याच्या डोळ्यास सर्वांत तेजस्वी दिसणारा पिवळा प्रकाशच वनस्पतींसहि सर्वांत उपयोगी असला पाहिजे. पण हें मोजावें कसें? शेवाळाचा तंतु अतिशय बारीक. त्यांतून निघणारा प्राणवायु जागच्या जागीं मापणारें यंत्र कोठून आणावें? एंगेलमान ह्यांनीं यंत्राऐवजीं जंतूंसच कामाला लाविलें! कांहीं जंतु प्राणवायूचे इतके भुकेले असतात कीं, तो जेथें असेल तेथें ते धांव घेतात. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनीं पाण्याच्या थेंबांत शेवाळाचा तंतु व असे जंतु एकत्र ठेविले, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं त्या तंतूवर लोलकानें फोडलेल्या प्रकाशाचा रंगीत पट्टा पाडिला. जंतूंची मोठी दाटी तांबड्या रंगापाशीं झाली, दुसरी निळ्यापाशीं. हिरव्यांत मात्र तुरळकच. हृदयाच्या स्नायूंविषयींचें त्यांचें कार्यहि थोर आहे. पण आम्हांस ह्या युक्तीचेंच अधिक कौतुक वाटतें.

हिरवें शेवाळ हिरवा प्रकाश कमी शोषितें, म्हणूनच तें आपणांस हिरवें दिसतें. समुद्रांतील तांबड्या शेवाळावर मात्र हिरव्या प्रकाशाचा प्रभाव अधिक, असें त्यांस आढळलें. खोल पाण्यांत तांबडा प्रकाश फारसा पोंचत नाहीं, ह्याच्याशीं त्यांनीं त्याचा मेळ घातला.

१८९७ सालीं ते बर्लिनला गेले. तेथें गायदुकोव्ह ह्या रशियन संशोधकानें निळसर-हिरव्या जातीचें शेवाळ रंगीत प्रकाशांत दीर्घकाळ वाढविलें, आणि १९०२ सालीं प्रसिद्ध केलें कीं, तांबड्या प्रकाशांतील शेवाळ हिरवट व हिरव्या प्रकाशांतील तांबूस होतें. १९०९ सालीं एंगेलमान वारले.

आज क्लोरेलासारखें सूक्ष्म शेवाळ टाक्यांत वाढवितांना तांबड्या व निळ्या दिव्यांचा उपयोग करितात. शेवाळ दाट झालें म्हणजे मात्र हे रंग वरच्या थरांतच शोषिले जातात, आणि तो उपेक्षित हिरवा प्रकाशच अधिक खोल पोंचतो.