गिटार न येणारा लिओ फेंडर

लिओ फेंडर म्हटलं की गिटार आठवते. पण या पठ्ठ्याला ती वाजवताच येत नव्हती! जन्म १९०९, कॅलिफोर्निया. घरची बाग आपल्या विदर्भासारखी संत्र्यांची. लहानपणी एक डोळा गेला. शिकला अकाउंट्स, मंदीत नोकरी गेल्यावर १९३८ मध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. म्हणूनच त्याने बनवलेले व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला सोपे. १९९१ मध्ये लिओ गेला, अ‍ॅम्प मात्र अजून वाजतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकले की घुमघुम सुरू होते. नवे टाकले की आवाज पुन्हा स्वच्छ. पण मित्रांनो, प्लग काढल्यावरही आत चारशेच्या आसपास व्होल्ट दबा धरून असतात. आधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा, मीटरने तपासा, मगच हात घाला!