राजर्षी शाहू छत्रपती : हजेरी आणि गुन्हा

तुमच्यापैकी काही जण पोलीस दलात असतील, काही भरतीची तयारी करीत असतील, तर काहींचा कायद्याशी संबंध सात-बाराच्या उताऱ्यापलीकडे आला नसेल. शाहू महाराजांचे चरित्र तुम्ही शालेय वयापासून ऐकत आला आहात. वसतिगृहे, 1902 चा आरक्षणाचा आदेश, राधानगरीचे धरण ही त्यांची कामे तुमच्या परिचयाची आहेत. म्हणून येथे ती विस्ताराने सांगत नाही. फौजदारी कायद्याच्या मुळाशी असलेला एक प्रश्न समोर ठेवून हे चरित्र वाचू या. माणूस गुन्हेगार ठरतो, तो नेमका कशामुळे?

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात वेदगंगेच्या काठी मुरगूड हे गाव आहे. त्या परिसरातील तलावाला सर पिराजीरावांचे नाव आहे. हे पिराजीराव घाटगे कागलचे अधिपती आणि शाहू महाराजांचे धाकटे बंधू होत. महाराजांचे जन्मनाव यशवंतराव. आबासाहेब घाटगे आणि मुधोळच्या घोरपडे घराण्यातील राधाबाई यांच्या पोटी 26 जून 1874 रोजी त्यांचा जन्म झाला. 17 मार्च 1884 रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले. राजकोट येथे व पुढे धारवाडला फ्रेझर यांच्या देखरेखीखाली शिक्षण घेऊन 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

आता थोडे कायद्याकडे वळू. 1860 च्या भारतीय दंड संहितेने जी चौकट घातली, तीत बहुतेक गुन्ह्यांना दोन गोष्टी लागतात: कृती आणि तिच्यामागचा उद्देश. बाजारात कोणी दुसऱ्याची छत्री आपलीच समजून उचलली, तर कृती झाली; परंतु अप्रामाणिक उद्देश नाही, म्हणून ती चोरी नव्हे. उलट, छत्री चोरावी असे नुसते मनात येणे हाही गुन्हा नाही. मनातला विचार कायदा शिक्षेस पात्र धरीत नाही. तयारीलाही तो सहसा हात लावीत नाही. दरोड्याची तयारी हा अपवाद अर्थातच पोलिसाने लक्षात ठेवावा. शिवाय आरोप शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष मानायचा आणि तो शाबीत करण्याचा भार सरकार पक्षावर टाकायचा, हे याच न्यायव्यवस्थेचे सूत्र.

ही तत्त्वे मान्य करणाऱ्या राजवटीनेच 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्यातील माणसाने काही केले आहे की नाही, हा प्रश्नच उरत नसे. संस्थानांत ब्रिटिश कायदे आपोआप लागू होत नसत. परंतु हीच दृष्टी तेथील कारभारातही मुरली होती. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना गावकामगारांपुढे हजेरी द्यावी लागे. माणूस कितीही सरळमार्गी असो, ठरल्या वेळी चावडीवर उभे राहणे त्याला चुकत नसे. परगावी मजुरी मिळत असली, तरी हजेरी चुकवून जाता येत नसे. यातील विसंगती पाहा. रामोशी आणि बेरड हे परंपरेने गावाचे राखणदार. ज्यांनी चोराचा माग काढायचा, त्यांनाच चोर समजून मोजले जात होते.

भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही येथे क्षणभर थांबावे. ‘गुन्हेगार’ या शब्दातील ‘गार’ हा फारसीतून आलेला प्रत्यय कर्ता दाखवितो. कामगार, मदतगार हे शब्द त्याच घडणीचे. काम करील तो कामगार, गुन्हा करील तो गुन्हेगार. जन्मतः कोणी कामगार नसतो. शब्दाने राखलेला हा विवेक त्या कायद्याने मोडला, असे मला वाटते.

1918 मध्ये शाहू महाराजांनी या चार जातींवरील हजेरीची सक्ती रद्द केली. नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. फासेपारध्यांना त्यांनी आपल्या आश्रयाला घेतले आणि पहाऱ्यासारखी विश्वासाची कामे दिली. ज्यांच्यापासून पेटी-पडशी जपावी असे लोक म्हणत, त्यांना राखणीवर नेमणे हे साहस होते. अस्पृश्य समाजातील तरुणांना त्यांनी वकिलीच्या सनदाही दिल्या. या निर्णयावर टीका झाली; सनद देण्याइतके शिक्षण त्यांच्याजवळ नाही, असा तिचा रोख होता. त्या टीकेत पूर्णतः तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु कचेरीत ज्याच्या बाजूने बोलणारे कोणीच नाही, त्याचे निर्दोषत्व कागदावरच राहते, ही गोष्ट महाराजांनी टीकाकारांपेक्षा अधिक ओळखली होती.

या चरित्राची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते. 1919 मध्ये त्यांनी स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. घरातला छळ ही तोवर घरची बाब समजली जाई. आता ती शिक्षेस पात्र कृती ठरली. पुढच्या वर्षी वेठबिगारही बंद झाली. म्हणजे पाहा, ज्याने काही केलेले नाही त्याच्यावरचा शिक्का त्यांनी पुसला आणि जो खरोखर काही करीत होता, पण प्रतिष्ठेच्या आड सुरक्षित होता, त्याला कायद्याच्या कक्षेत आणले. दोन्ही निर्णयांमागची कसोटी एकच होती.

अर्थात राजाच्या हुकुमाने प्रत्येक चावडीवरची नजर बदलली, असे समजण्याचे कारण नाही. आणि हे हुकूम संस्थानाच्या हद्दीपुरतेच होते. 6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा त्यांना 48 वे वर्ष पुरे झालेले नव्हते. संस्थानाबाहेर, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, माणसे तारेच्या कुंपणाआड हजेरी देतच राहिली. गुन्हेगार जमातींचा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. कोल्हापुरातील हजेरी संपल्यानंतर तब्बल 34 वर्षांनी. त्याची जागा अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. त्यांत जमातीऐवजी व्यक्तीच्या पूर्वीच्या शिक्षा पाहाव्यात असे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ठाण्यातील संशयाची यादी बऱ्याचदा जुन्याच वस्तीकडे वळत राहिली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तुरुंगांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकावा आणि विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होणार नाही याची पोलिसांनी दक्षता घ्यावी, असे आदेश त्यात आहेत. तुम्ही पोलीस प्रशिक्षण घेत असाल, तर हा निकाल मुळातून वाचा.