बाहेर उणे ४०, दोघांत एकच स्लीपिंग बॅग: नान्सेन बर्फावर झोपायचा कसा?

थंडी पडली की ग्रुपवर कॅम्पिंगचे प्लॅन शिजायला लागतात. तंबू, शेकोटी, गिटार, सगळं ठरतं. मग रात्री अडीच-तीनला दात वाजायला लागतात आणि महागातली स्लीपिंग बॅग घेऊनही थंडी का वाजतेय हे कळत नाही.

कारण साधं आहे. स्लीपिंग बॅग गरम नसतेच. ऊब असते ती आपल्या अंगाची. बॅग फक्त ती धरून ठेवते. आता हे वाचायला सोपं आहे, पण एका माणसाने हा धडा उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फावर, अक्षरशः जीव पणाला लावून गिरवला होता. त्याचं नाव फ्रित्यॉफ नान्सेन.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, नॉर्वेच्या राजधानीजवळचा. आज या शहराला ऑस्लो म्हणतात, तेव्हा त्याचं नाव होतं ख्रिस्तियानिया. पोरगा लहानपणापासून स्कीइंगमध्ये पटाईत. कॉलेजात विषय घेतला प्राणिशास्त्र. १८८२ साली अभ्यासासाठी तो सील मारणाऱ्या एका जहाजावरून आर्क्टिकला गेला. हे जहाज ग्रीनलंडच्या पूर्वेला बर्फात अडकून पडलं आणि समोर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या किनाऱ्याने नान्सेनच्या डोक्यात किडा सोडला. ग्रीनलंड चालत ओलांडायचं.

तोवर ग्रीनलंड या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणी ओलांडलं नव्हतं. आधीचे लोक वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरायचे आणि फसलं की परत फिरायचे. नान्सेनने उलटं केलं. त्याने ओसाड पूर्व किनाऱ्यावरून सुरुवात केली. मागे परतण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे पुढे जाण्यावाचून पर्याय नाही.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये सहा जण निघाले. चार नॉर्वेजियन आणि दोन सामी. सामी म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातले, पिढ्यानपिढ्या रेनडिअर पाळणारे लोक. आता गंमत बघा, माणसं सहा, पण स्लीपिंग बॅगा फक्त दोन. रेनडिअरच्या कातड्याच्या एकेका बॅगेत तिघं-तिघं झोपायचे.

यामागे कंजुषी नव्हती, हिशोब होता. रेनडिअरचा केस आतून पोकळ असतो आणि त्यात हवा अडकलेली असते. अडकलेली, न हलणारी हवा ऊब धरून ठेवते. त्यात तिघांच्या अंगाची ऊब एकाच जागी आली की प्रत्येकाची बाहेर जाणारी ऊब कमी होते. वर ओढायचं वजनही कमी. एकाने कूस बदलली की तिघांची झोपमोड, पण बाहेर पारा उणे ४५ पर्यंत उतरत असताना ही तक्रार कोण करणार?

या मोहिमेत एक चूक मात्र महागात पडली. सोबत घेतलेल्या सुक्या मांसात चरबीच नव्हती. अंगाची ऊब ही अन्नातूनच येते आणि वजनाच्या मानाने सर्वात जास्त ऊर्जा देते ती चरबी. पोट भरत होतं, पण चरबीची भूक काही भागेना. प्रत्येकाला आठवड्याला लोण्याचा ठरलेला वाटा मिळायचा, तो कधीच पुरायचा नाही. ऑटो स्वेरड्रुप हा गडी इतका कासावीस झाला की बुटांना लावायचं तेल खाल्लं तर चालेल का, असं त्याने नान्सेनला विचारलं होतं.

तरी सहाही जण धडधाकट पलीकडे पोचले. पण तोवर ऑक्टोबर उजाडला होता आणि वर्षातलं शेवटचं जहाज निघून गेलं होतं. मग नान्सेनने अख्खा हिवाळा तिथल्या इन्युईट लोकांमध्ये काढला. ते कपडे कसे घालतात, काय खातात, कयाक कशी चालवतात, हे सगळं शिकून घेतलं. त्यांच्या जगण्यावर नंतर पुस्तकही लिहिलं.

पुढचा प्लॅन याहून वेडा होता. आर्क्टिकचा बर्फ समुद्रप्रवाहासोबत सरकतो, मग जहाज मुद्दाम त्या बर्फात अडकवलं तर ते वाहत वाहत ध्रुवाकडे जाईल, असं त्याचं गणित होतं. त्यासाठी ‘फ्राम’ नावाचं खास जहाज बांधलं. जून १८९३ मध्ये ते निघालं आणि ठरल्याप्रमाणे बर्फात अडकलं. पण ते थेट ध्रुवावर जाणार नाही हे हळूहळू स्पष्ट झालं. तेव्हा १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन आणि यालमार योहान्सन हे दोघंच २८ कुत्रे, तीन स्लेज आणि दोन कयाक घेऊन जहाजावरून उतरले. सरकत्या जहाजावर परत येणं शक्यच नव्हतं.

सोबत होती दोघांत एक स्लीपिंग बॅग आणि नान्सेनने स्वतः बनवलेला कुकर. या कुकरच्या मधल्या भांड्यात जेवण शिजायचं, त्याच्या भोवतीच्या आणि वरच्या भांड्यात बर्फ वितळायचा. म्हणजे आच वाया जाण्याआधी दोन-तीनदा कामाला यायची. आणि खाली पेटायचा प्रायमस. हो, तोच प्रायमस! आपल्याकडे घरोघरी पंप मारून पेटवलेला, पिन मारून साफ केलेला पितळी स्टोव्ह. स्वीडनमध्ये तो नुकताच बाजारात आला होता आणि नान्सेनने तो थेट ध्रुवाच्या वाटेवर नेला.

पण खरा घात कपड्यांनी केला. लांडग्याच्या कातड्याचे कपडे चालताना फार गरम होतात म्हणून दोघांनी ते जहाजावरच ठेवले आणि लोकरीचे कपडे घातले. दिवसभर स्लेज ओढून घाम यायचा. हा घाम कपड्यांतच गोठायचा. संध्याकाळपर्यंत कपड्यांचं चिलखत झालेलं असायचं. कडक झालेल्या बाह्यांनी नान्सेनच्या मनगटांवर खोल जखमा झाल्या.

रात्री हे चिलखत घालूनच बॅगेत शिरायचं. मग अंगाच्या ऊबेने बर्फ वितळायचा, कपडे ओलेचिंब व्हायचे आणि बराच वेळ नुसती हुडहुडी. ओले मोजे-हातमोजे छातीवर घेऊन सुकवावे लागायचे. म्हणजे झोपेसाठी लागणारी ऊब कपडे सुकवण्यातच खर्च. सकाळी बाहेर पडलं की सगळं पुन्हा गोठलेलं. थंडीत घामाला शत्रू का म्हणतात, ते इथे कळतं. ओलाव्याने अडकलेल्या हवेची जागा घेतली की कपडा असो वा बॅग, त्याची ऊब धरायची ताकद जाते.

एप्रिलमध्ये ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तरेला पोचले. तोवर कुणीही इतकं उत्तरेला गेलं नव्हतं. पण बर्फाचे उंचवटे संपेनात. तेव्हा नान्सेन मागे फिरला. विक्रमापेक्षा जीव मोठा, हे त्याला कळत होतं.

ऑगस्टअखेर ते फ्रान्स योसेफ लँडच्या बेटांवर अडकले आणि पुढचा हिवाळा तिथेच काढायचं ठरलं. जमिनीत खड्डा खणला, दगडांच्या भिंती रचल्या, वाहत आलेला ओंडका आडवा टाकून त्यावर वॉलरसची कातडी पसरली. झालं घर. आत वॉलरसच्या चरबीचे दिवे. आता जरा आरामात वेगवेगळं झोपू, म्हणून दोघांनी बॅग सोडून ब्लँकेटं वाटून घेतली. एकाच रात्रीत गारठून गेले आणि ब्लँकेटं पुन्हा एकत्र करून शेजारी-शेजारी झोपू लागले. खाली अस्वलाची कातडी, कारण गार जमीन अंगाची ऊब खालून ओढून घेते. खायला अस्वलाचं आणि वॉलरसचं मांस, भरपूर चरबीसकट. कधी कधी तर ते दिवसातले वीस-वीस तास झोपायचे.

यातली सर्वात भारी गोष्ट पुढे आहे. नॉर्वेजियन भाषेतही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असतं. नान्सेन मोहिमेचा प्रमुख, त्यामुळे महिनोन् महिने एका पांघरुणात झोपूनही दोघं एकमेकांना अहो-जाहोच करायचे! १८९५ ची शेवटची रात्र आली, तेव्हा कुठे नान्सेनने सुचवलं की आता अरे-तुरे करायला हरकत नाही.

मे १८९६ मध्ये ते पुन्हा निघाले आणि १७ जूनला अचानक फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज संशोधक त्यांना भेटला. काळ्याकुट्ट, तेलकट चेहऱ्याचा हा माणूस नान्सेन आहे हे त्याला आधी ओळखूच येईना. वजन केलं तर दोघंही जहाज सोडलं तेव्हापेक्षा जाडे झालेले! १३ ऑगस्टला ते नॉर्वेत परतले आणि त्याच दिवशी तिकडे ‘फ्राम’ही बर्फातून सुटलं. सगळे जिवंत होते.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर नान्सेनने चार लाखांहून जास्त युद्धकैद्यांना मायदेशी पोचवलं. रशियातल्या दुष्काळात मदत उभी केली. ज्यांना कुठलाच देश उरला नव्हता अशा निर्वासितांसाठी ‘नान्सेन पासपोर्ट’ सुरू केला. संगीतकार स्ट्रॅव्हिन्स्की आणि चित्रकार शागाल यांच्याकडेही तो होता. १९२२ साली त्याला शांततेचं नोबेल मिळालं, ती रक्कमही त्याने मदतकार्यातच लावली. १३ मे १९३० रोजी तो गेला.

कॅम्पिंगला जाणाऱ्यांसाठी त्याचे धडे आजही तेच आहेत. झोपण्याआधी घामाचे कपडे बदलून कोरडे घाला. अंगावर जितकं घेता तितकंच लक्ष अंगाखालच्या मॅटकडे द्या. रात्री तूप-शेंगदाणे असलं काहीतरी पोटात जाऊ द्या. बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटती ठेवून मात्र झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. आणि थंडी फारच वाजली, तर शेजारच्या मित्राला खेटून झोपायला लाजू नका. नान्सेनसारख्या माणसालाही त्यावाचून दुसरा उपाय सापडला नव्हता.