नाताळ चोरणाऱ्या ग्रिंचचा आवाज कुणाचा? बोरिस कार्लॉफचं मूळ थेट आपल्या नगरपर्यंत जातं

पाचगणीचा विषय निघाला की फ्रेडी मर्क्युरीची गोष्ट हमखास फिरते. झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये शिकला, मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि पुढे 'क्वीन'चा गायक झाला. १९८४ साली 'क्वीन'ने नाताळचं एक गाणंही काढलं, 'थँक गॉड इट्स ख्रिसमस'. ते अजूनही डिसेंबरात वाजतं. म्हणजे नाताळच्या दिवसांत जगाला ऐकू येणारा एक आवाज पाचगणीत घडलेला आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं.

पण नाताळच्या आणखी एका आवाजाचा धागा महाराष्ट्रात येतो, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. अमेरिकेत १९६६ पासून लहान मुलांच्या तीन-चार पिढ्या जे कार्टून बघत मोठ्या झाल्या, त्या 'हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस'मधला हिरवा, खडूस ग्रिंच ज्याच्या आवाजात बोलतो, तो नट म्हणजे बोरिस कार्लॉफ. होय, फ्रँकेन्स्टाइनच्या सिनेमातला राक्षस झालेला तोच.

त्याची गोष्ट सुरू होते अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या छावणीतून.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत थॉमस एडवर्ड्स नावाचा सार्जंट होता. त्याला दोन मुली, एलायझा आणि अ‍ॅन. धाकटी अ‍ॅन १८३१ साली नगरला जन्मली, तेव्हा वडील वारून काही महिने झाले होते. या मुलींच्या आईच्या घराण्यात हिंदुस्थानी रक्त असावं, असं अभ्यासकांचं मत आहे. साहेबाच्या राज्यात ही गोष्ट फार महागात पडायची. गोऱ्यांच्या क्लबात जागा नाही, वरच्या नोकऱ्यांत बढती नाही, आणि लग्नाच्या बाजारात तर कुजबुज ठरलेलीच.

अ‍ॅनने यातून वाट काढली ती थापेची. १८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात तिचं लग्न झालं. पुढे नवरा गेल्यावर तिने नाव, गाव, जन्मसाल सगळंच बदललं. आपण वेल्समध्ये जन्मलेल्या खानदानी इंग्रज बाई आहोत, असं ती सांगू लागली. १८६२ मध्ये ती सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवायला गेली. 'द किंग अँड आय' हे गाजलेलं नाटक आणि सिनेमा ज्या अ‍ॅना लिओनोवेन्सवर आहे, ती हीच. माहेरच्या माणसांशी तिने संबंध असे तोडले की खरी जन्मकथा बाहेर यायला १९७० चं दशक उजाडलं.

थोरली एलायझा मात्र हिंदुस्थानातच राहिली. एका सार्जंट-मेजरशी तिचं लग्न झालं. तिच्या मुलीचं लग्न १८६४ मध्ये सुरतेला एडवर्ड प्रॅट या मीठ महसूल खात्यातल्या अधिकाऱ्याशी झालं. नवरी सोळा वर्षांची, नवरा अडतीसचा. जॉन चेसन पाचगणीचं थंड हवेचं ठाणं वसवत होता, तो हाच काळ. पुढे प्रॅट कुटुंब लंडनला गेलं आणि तिथे २३ नोव्हेंबर १८८७ रोजी धाकटं अपत्य जन्मलं, विल्यम हेन्री प्रॅट. हाच पुढे बोरिस कार्लॉफ झाला. नगरची अ‍ॅना ही त्याच्या आजीची सख्खी बहीण.

विल्यम लहान असतानाच आई गेली. थोरल्या भावंडांनी त्याला वाढवलं. पोरगा सावळा, पाय किंचित वाकडे, बोलताना अडखळायचा आणि 'स' चा उच्चार बोबडा. अडखळणं त्याने कष्टाने घालवलं, बोबडेपणा जन्मभर राहिला. ज्या माणसाचा आवाज पुढे जगाने डोक्यावर घेतला, त्याची सुरुवात अशी होती.

घरच्यांची इच्छा होती की त्याने भावांसारखं सरकारी नोकरीत जावं. एक भाऊ, जॉन प्रॅट, चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीत होता आणि पुढे 'सर' झाला. विल्यमला मात्र नाटकाचं वेड. १९०९ मध्ये तो कॅनडाला निघून गेला, शेतावर मजुरी केली आणि एका फिरत्या नाटक कंपनीत शिरला. तिथेच त्याने नाव बदललं. आईच्या बाजूला कुणी कार्लॉफ होते, असं तो सांगायचा. तसा पूर्वज आजवर कुणाला सापडलेला नाही. गंमत बघा, नाव आणि कूळ नव्याने रचणारी आजीची बहीणही त्या काळात कॅनडातच राहत होती. १९१५ मध्ये माँट्रियलला ती वारली.

मग हॉलिवूड. मूकपटांच्या काळात त्याच्या रंगरूपाने त्याला काम दिलं आणि त्याच रंगरूपाने त्याला कोपऱ्यातही ठेवलं. अरब, मेक्सिकन, हिंदू पुजारी, कुणी खान किंवा स्वामी, असल्या भूमिका वाट्याला यायच्या. १९२१ मध्ये किपलिंगच्या हिंदुस्थानातल्या कथेवर निघालेल्या 'विदाउट बेनिफिट ऑफ क्लर्जी'मध्ये तो अहमद खान होता. गोरा साहेब आणि हिंदुस्थानी बाई यांच्या लपवलेल्या संसाराची ती कथा. त्यात काम करणाऱ्या या नटाच्या घरात तसलंच गुपित असावं, हे सेटवर कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. सिनेमा नसला की तो ट्रकवर मजुरी करायचा.

नशीब फिरलं १९३१ मध्ये, चाळिशी उलटल्यावर. दिग्दर्शक जेम्स व्हेलने त्याला 'फ्रँकेन्स्टाइन'मधल्या राक्षसाचं काम दिलं. मेकअपमन जॅक पियर्स रोज तासन् तास त्याचा चेहरा रंगवायचा. राक्षसाला संवादच नव्हते, नुसतं गुरगुरणं. सिनेमाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं! तरी लोक घाबरले आणि हळहळलेही, कारण कार्लॉफने त्या राक्षसाला टाकून दिलेल्या मुलासारखं रंगवलं होतं. जड बूट, अवजड पोशाख, लांबलचक शूटिंग यांत त्याची पाठ कायमची दुखावली. १९३३ मध्ये नटांची युनियन उभी राहिली, तेव्हा सुरुवातीच्या सभासदांत तो होता, यात नवल नाही.

सिक्वेलचा खरा धडा इथेच सुरू होतो. १९३५ चा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' अनेकांच्या मते पहिल्यापेक्षा सरस ठरला. दिग्दर्शक तोच, राक्षसही तोच. १९३९ ला तिसरा भाग आला. आता या पात्रात काही उरलं नाही आणि पुढे त्याचं हसं होईल, असं वाटून कार्लॉफने राक्षस व्हायचं सोडलं. स्टुडिओ थोडाच थांबतो? तोच मेकअप लॉन चॅनी ज्युनियरला, मग बेला लुगोसीला, मग ग्लेन स्ट्रेंजला चढला. मुखवटा तोच राहिला, आतला माणूस बदलत गेला, आणि शेवटी विनोदी जोडगोळी अ‍ॅबट आणि कॉस्टेलो राक्षसापुढे पळताना दिसली.

पडद्यावर भीती विकणारा हा माणूस खऱ्या आयुष्यात अगदी मवाळ होता. बागकाम आणि क्रिकेट हे त्याचे शौक. १९४० च्या दशकात तो बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलमध्ये अपंग मुलांना भेटवस्तू वाटायला चक्क सांताक्लॉज बनून जायचा. मुलांसाठी त्याने गोष्टींच्या रेकॉर्ड केल्या. त्यांत किपलिंगच्या 'जस्ट सो स्टोरीज'ही होत्या, मुंबईत जन्मलेल्या लेखकाच्या गोष्टी, नगरच्या मुलीच्या बहिणीच्या नातवाच्या आवाजात.

आता ग्रिंच. अमेरिकेत १९६० च्या दशकात नाताळच्या टीव्ही स्पेशलची लाट आली होती. अर्ध्या-एक तासाचा कार्यक्रम, वर्षातून एकदाच लागणार, चुकला की पुढच्या डिसेंबरापर्यंत थांबा. आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे रेडिओवरचं कीर्तन जसं त्या दिवसाचाच भाग झालं, तसं काहीसं. १९६४ ला 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर', १९६५ ला 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस' आणि १८ डिसेंबर १९६६ ला सीबीएसवर ग्रिंच.

गोष्ट डॉ. स्यूस यांच्या १९५७ च्या पुस्तकातली. डोंगरावरच्या गुहेत राहणाऱ्या ग्रिंचला खालच्या गावातला नाताळचा गोंगाट सहन होत नाही. तो सांताचं सोंग घेतो आणि रातोरात साऱ्या भेटवस्तू, मिठाई, झाडं उचलून नेतो. सकाळी गाव रडेल म्हणून कान लावून बसतो, तर गाव गातंय! मग त्याचं आक्रसलेलं काळीज मोठं होतं आणि तो सगळं परत आणून देतो.

दिग्दर्शक चक जोन्सला निवेदनासाठी कार्लॉफ हवा होता. त्याच्या गोष्टींच्या रेकॉर्ड जोन्सने ऐकल्या होत्या. डॉ. स्यूसना आधी धास्ती वाटली, हा माणूस मुलांना घाबरवून सोडेल. पण अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी वर्षांच्या कार्लॉफने निवेदक आणि ग्रिंच अशी दोन्ही कामं केली. ग्रिंचच्या वाक्यांतल्या वरच्या लहरी ध्वनिमुद्रणात कापल्या, त्यामुळे तो आवाज खरखरीत झाला. निवेदकाचा आवाज मात्र आजोबांसारखा ऊबदार ठेवला. मजा इथेच आहे. खलनायक आणि त्याची गोष्ट सांगणारा एकच माणूस असल्यामुळे ग्रिंच कितीही दुष्ट वागला, तरी सांगणाऱ्याची त्याच्यावरची माया लपत नाही. टाकलेल्या प्राण्याची बाजू आवाजातून मांडणं कार्लॉफला राक्षसापासून जमत होतं.

त्यातलं ग्रिंचला शिव्या घालणारं गाणं मात्र त्याचं नाही. ते थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टने गायलं. श्रेयनामावलीत त्याचं नाव राहून गेलं आणि लोक वर्षानुवर्षं कार्लॉफलाच गायक समजत राहिले. १९६८ मध्ये या कार्यक्रमाच्या रेकॉर्डला मुलांसाठीच्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं.

२ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमध्ये ८१ व्या वर्षी कार्लॉफ गेला. शेवटची वर्षं फुप्फुसाच्या आजारात, व्हीलचेअरवर आणि तरीही कामात गेली. अमेरिकेत जन्म काढूनही तो शेवटपर्यंत ब्रिटिश नागरिकच राहिला.

ग्रिंचचे सिक्वेल त्याच्या मागे आले. १९७७ ला 'हॅलोवीन इज ग्रिंच नाइट', आवाज हान्स कॉनरीडचा. १९८२ ला 'द ग्रिंच ग्रिंचेस द कॅट इन द हॅट', आवाज बॉब होल्टचा. दोन्ही डॉ. स्यूस यांनीच लिहिले आणि दोन्हींना एमी पुरस्कार मिळाले. कागदावर बघितलं तर यात कमी काहीच नाही. कॉनरीड तर कसलेला आवाजाचा नट, आणि 'ग्रिंच नाइट'मधली भुताटकी खरोखर धमाल आहे. पण दोन्हींत ग्रिंच पुन्हा पहिल्यासारखाच दुष्ट. ज्याचं काळीज एकदा मोठं झालेलं मुलांनी पाहिलंय, त्याला परत आक्रसवायचं कसं? त्याच्यावर माया करणारा निवेदकही आता नाही. बक्षिसं मिळाली, पण दर डिसेंबरात लोक लावतात ते १९६६ चंच.

हा घोळ एकट्या ग्रिंचचा नाही. रुडॉल्फला पुढे १९७६ मध्ये नववर्षाच्या गोष्टीत ओढलं, तेव्हा निवेदक बर्ल आइव्ह्ज नव्हता, रेड स्केल्टन होता. चार्ली ब्राऊनचा १९९२ चा नाताळ आला, तोवर पहिल्याला जॅझचं संगीत देणारा विन्स ग्वाराल्डी जाऊन सोळा वर्षं झाली होती. 'फ्रॉस्टी रिटर्न्स'ने तर कहरच केला. टोपी घातली की जिवंत होणारा हिममानव तिथे टोपीशिवाय फिरतो! म्हणजे मूळ गोष्टीचा खुंटाच उपटला. 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' टिकला, कारण तिथे माणसंही तीच होती आणि राक्षसाची गोष्टही अर्धी राहिली होती. ग्रिंचची गोष्ट सव्वीस मिनिटांत संपली होती.

२००० मध्ये जिम कॅरी ग्रिंच झाला, २०१८ मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच. कंबरबॅच इंग्रज, पण त्याने ग्रिंचला अमेरिकन ढब दिली. कार्लॉफने मात्र अमेरिकेतल्या सगळ्यात लाडक्या नाताळच्या गोष्टीत आपली इंग्रजी ढब तशीच ठेवली होती. आणि कान देऊन ऐकलंत, तर त्या निवेदनात लहानपणीचा तो बोबडा 'स' सुद्धा सापडतो.