जिमी हेंड्रिक्स

जेम्स मार्शल ऊर्फ जिमी हेंड्रिक्स (२७ नोव्हेंबर १९४२ – १८ सप्टेंबर १९७०) हे अमेरिकन गिटारवादक, गायक व गीतकार होते. सायकेडेलिक रॉक संगीताच्या अग्रणी कलावंतांत त्यांची गणना होते. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधाशी त्यांचे नाव जोडले जाते, ते मुख्यतः वुडस्टॉक येथील वादनामुळे आणि ‘बँड ऑफ जिप्सीज’ (१९७०) या अल्बममुळे.

त्यांचा जन्म सिॲटल येथे झाला. चोरीच्या मोटारीत सापडल्यावर तुरुंग किंवा सैन्य असे दोनच मार्ग उरले, तेव्हा १९६१ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये ते छत्रीसैनिक होते. पण शिस्तीशी त्यांचे जमले नाही आणि १९६२ मध्ये ते सेवामुक्त झाले. याच डिव्हिजनचे सैनिक १९६५ पासून व्हिएतनाममध्ये लढू लागले. प्रारंभीच्या मुलाखतींत हेंड्रिक्स यांनी अमेरिकेच्या युद्धधोरणाची पाठराखणही केली होती, हे सहसा सांगितले जात नाही.

१९६६ मध्ये ते लंडनला गेले. ‘आर यू एक्सपीरिअन्स्ड’ (१९६७) या पहिल्याच अल्बमने त्यांना कीर्ती मिळवून दिली. ध्वनिवर्धकाची घरघर व किंचाळी एरवी दोष मानली जाई. तिलाच त्यांनी वादनाचे साधन केले. १८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉक महोत्सवात त्यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत शब्दांविना वाजवले, तेव्हा याच साधनातून बॉम्बवर्षाव ऐकू आला. मृत सैनिकांना मानवंदना देणारी बिगुलाची धूनही त्यात होती. यात अनादर नाही, अशीच त्यांची भूमिका होती.

‘बँड ऑफ जिप्सीज’चा जन्म मात्र सक्तीतून झाला. प्रसिद्धीपूर्वी, १९६५ मध्ये केलेल्या एका कराराच्या वादात तडजोड म्हणून एक अल्बम देणे भाग होते. सैन्यातील सोबती बिली कॉक्स (बास गिटार) व बडी माइल्स (ड्रम) यांच्यासह १ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात त्याचे ध्वनिमुद्रण झाले. त्यातील सुमारे १२ मिनिटांचे ‘मशीन गन’ हे गीत त्यांनी व्हिएतनाममधील तसेच अमेरिकेतील शहरांत झुंजणाऱ्या सैनिकांना अर्पण केले. ड्रम गोळीबाराच्या ठेक्यात वाजतो आणि गिटार विव्हळते. गीतात घोषणा नाही. मारणारा व मरणारा दोघेही दुसऱ्याच्या हुकमाने आमनेसामने आलेले आहेत. युद्धावरील रॉक गीतांत त्याचे स्थान फार वरचे आहे.

२८ जानेवारीला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील युद्धविरोधी कार्यक्रमात मात्र दोनच गीतांनंतर हेंड्रिक्स मंच सोडून गेले. मार्चमध्ये अल्बम प्रकाशित झाला, तोवर वाद्यवृंद विसर्जित झालेला होता.

झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानंतर लंडन येथे वयाच्या २७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सिॲटलजवळील रेंटन येथे त्यांचे दफन करण्यात आले.