दास नाकारणारा भिक्षू



दक्षिण कोरियातील यांगप्योंग येथे योंगमुन्सा नावाचे प्राचीन विहार आहे. १९०७ साली जपानी सैन्याने ते जाळले. पण त्यासमोरचा गिंको वृक्ष वाचला. पंख्यासारख्या पानांचा हा वृक्ष जवळजवळ ४० मीटर उंच असून त्याचे वय अंदाजे १,१०० वर्षे आहे. भदंत उइसांग यांनी रोवलेल्या काठीला पालवी फुटून तो झाला, असे लोक सांगतात. आपणच हिशेब करा. उइसांग ७०२ साली कालवश झाले, म्हणजे वृक्षाच्या किती तरी आधी. तेव्हा चमत्कार बाजूला ठेवू आणि माणूस पाहू.

उइसांग यांचा जन्म ६२५ सालचा, सिल्ला राज्यातला. तेथे माणसाची श्रेणी जन्माने ठरे. कोणी कोणते पद घ्यावे, केवढे घर बांधावे, कोणते वस्त्र नेसावे, सारे जन्मावर! ६६१ साली ते समुद्रमार्गे चीनला गेले, आचार्य झियान यांच्यापाशी अवतंसक सूत्र शिकले आणि मायदेशी परतले. ६७६ साली त्यांनी पुसोक्सा विहार स्थापन केले.

राजाने त्यांना जमिनी आणि दास देऊ केले. उइसांग यांनी दोन्ही नाकारले. धम्मात उच्चनीच नाही, मग भिक्षूला दास कशाला, अशी त्यांची भूमिका होती. तीन चीवरे, पाण्याचे भांडे आणि भिक्षापात्र एवढीच त्यांची मालमत्ता.

त्यांच्या शिष्यांत जितोंग होता, तो एका सरदाराच्या घरचा दास. जिनजोंग हा गरीब शिपाई. घरात पाय मोडलेले एक भांडे, तेही त्याच्या आईने दान केलेले. म्हाताऱ्या आईला सोडून जायला त्याचे पाऊल उचलेना. आईने घरातला होता नव्हता तो तांदूळ शिजवून शिदोरी बांधली आणि त्याच दिवशी त्याला उइसांग यांच्याकडे धाडले. तीन वर्षांनी ती वारल्याची बातमी आली, तेव्हा गुरूंनी त्या गरीब बाईसाठी नव्वद दिवस धम्मप्रवचन केले. राजाचे दान परत करणारा भिक्षू तिचे दान विसरला नाही.

बंधू-भगिनींनो, आपण दीक्षा घेतली. पण मुलीचे स्थळ पाहताना आपल्या घरात पोटजात विचारली जाते का? विचारली जात असेल, तर राजाने देऊ केलेले ते दान आपण अजून परत केलेले नाही.