दोनशे फुटांच्या जहाजावरून सदतीस फुटी नौकेकडे

समुद्रपर्यटनासाठी शिडाची नौका लहान असावी की मोठी, हा दर्यावर्दींमधील जुना वाद आहे. नौकेची पाण्यातील लांबी वाढली की वेग वाढतो, अन्नपाण्याचा साठा अधिक मावतो, लाटांचे हेलकावे कमी जाणवतात. मात्र शिडे मोठी झाली की ती आवरायला माणसे लागतात आणि माणसे आली की पगार, शिधा व कुरबुरी ओघाने आल्याच. कप्तान जोशुआ स्लोकम याने या दोन्ही बाजू पुरेपूर भोगल्या होत्या.

आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात २० फेब्रुवारी १८४४ रोजी त्याचा जन्म झाला. वडील बूट बनवीत आणि शिस्तीला कडक होते. चौदाव्या वर्षी मुलाने घरातून पळ काढला व मासेमारी नौकेवर आचाऱ्याचे काम धरले. त्याच्या हातचा पहिला पदार्थ पानात पडताच खलाशांनी त्याला हाकलले. १८६० मध्ये आई वारली आणि त्याने घर कायमचे सोडले. पंचविशीत तो कप्तान झाला. १८७१ मध्ये सिडनी येथे व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि पुढची तेरा वर्षे तिचा संसार जहाजांवरच चालला. सात अपत्ये झाली, त्यातली चार जगली.

१८८० च्या दशकाच्या प्रारंभी स्लोकम ‘नॉर्दर्न लाइट’ या तीन डोलकाठ्यांच्या, दोनशे फुटांहून लांब जहाजाचा कप्तान व भागीदार होता. शिडाच्या जहाजांवर याहून मोठा मान क्वचितच मिळे. परंतु १८८२ मध्ये याच जहाजावर खलाशांनी बंड केले व त्यात त्याचा मुख्य सहायक अधिकारी मारला गेला. त्यातच माल वाफेच्या बोटींकडे वळू लागला होता. स्लोकमने ‘अ‍ॅक्विडनेक’ हे ३२६ टनांचे, तुलनेने लहान जहाज घेतले. तेही खलाशांवाचून चालणारे नव्हते. जुलै १८८४ मध्ये ब्यूनस आयर्सच्या बंदरात व्हर्जिनिया याच जहाजावर निवर्तली. ती अवघी ३४ वर्षांची होती. १८८७ मध्ये अंगावर चालून आलेल्या खलाशांवर स्लोकमने गोळ्या झाडल्या. एक जण ठार झाला. खटल्यात स्लोकम निर्दोष सुटला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राझीलच्या पारानाग्वा उपसागरात जहाज वाळूवर चढून फुटले. विमा उतरविलेला नव्हता.

परतीच्या तिकिटाची वाट न पाहता त्याने तेथेच ३५ फुटी ‘लिबरदादी’ बांधली. १३ मे १८८८ रोजी ती पाण्यात उतरली. ब्राझीलमधील गुलामगिरी संपुष्टात आली तो हाच दिवस. दुसरी पत्नी हेनरिएटा व दोन मुलांसह हा कप्तान सुमारे साडेपाच हजार मैल कापून अमेरिकेत पोहोचला. हेनरिएटाने मात्र त्यानंतर त्याच्यासोबत समुद्रप्रवास केला नाही आणि त्याबद्दल तिला कोण दोष देईल?

लहान नौकाही महासागर झेलते, हे आता सिद्ध झाले होते. तरीही पन्नाशीकडे झुकलेल्या या शिडाच्या कप्तानाला बोस्टनमध्ये काम मिळेना. १८९२ मध्ये एबेन पिअर्स या परिचित कप्तानाने त्याला फेअरहेवन येथील एक ‘जहाज’ देऊ केले. ते निघाले शेतात टेकू देऊन ठेवलेले, कालवे पकडणारे जुनाट गलबत. ‘स्प्रे’ हे त्याचे नाव. गावाने हसू केले. स्लोकमने जवळच्या कुरणातील ओक तोडून त्याची लाकडे बसविली. जवळजवळ सारे गलबतच नवे झाले. त्याला तेरा महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट लागले.

‘स्प्रे’ची लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. लांबीच्या मानाने ही रुंदी बरीच होती. तळाशी शिसे वा लोखंड नव्हते. वजनासाठी आत काँक्रीट घट्ट बसविले होते. रुंद बूड आणि लांब सरळ कणा यांमुळे नौका मार्गावर स्थिर राही. पुढे मागच्या बाजूस छोटी डोलकाठी बसविल्यावर तिचा तोल आणखी साधला. शिडे जुळवून सुकाणू बांधले की ती आपली चालत राही. हिंदी महासागरात थर्सडे बेटापासून कीलिंग कोकोसपर्यंतच्या २७०० मैलांत, २३ दिवसांत, स्लोकमने सुकाणू हाती धरले ते जेमतेम तीन तास! ज्याला खलाशांनी आयुष्यभर छळले, त्याला असा बिनपगारी, निमूट सोबती लाभला.

२४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून निघाला. भूमध्य समुद्रमार्गे पूर्वेकडे जाण्याचा बेत चाच्यांच्या भीतीने जिब्राल्टरला बदलून तो उलटा पश्चिमेकडे वळला. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री कोणी अनवाणी चढून येऊ नये म्हणून तो डेकवर टोकदार चुका पसरून झोपे. जवळ अचूक सागरी घड्याळ नव्हते, होते फुटक्या तबकडीचे स्वस्त पत्र्याचे घड्याळ. तीन वर्षांहून अधिक काळात ४६ हजार मैलांवर प्रवास करून २७ जून १८९८ रोजी तो न्यूपोर्टला परतला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला दर्यावर्दी ठरला. त्यावरील त्याचे पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यामुळे लहान नौकेची बाजू सरस ठरली, असे मात्र नाही. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये हीच प्रदक्षिणा केली ती गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून, आधुनिक साधनांमुळे तेवढी मोठी नौका एकट्याला पेलते. ‘स्प्रे’च्या बांधणीतही एक धोका दडलेला होता. रुंद नौका सहजी कलत नाही, परंतु तळाला जड वजन नसल्याने एकदा पूर्ण उलटली तर ती पुन्हा सरळ होणे कठीण. तिच्या असंख्य प्रतिकृती बांधणाऱ्यांपैकी अनेकांनी या दुबळेपणाचा विचार केलेला दिसत नाही.

स्लोकमने १९०२ मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतले. पण शेतात त्याचे मन रमेना. हिवाळा आला की तो वेस्ट इंडीजकडे निघे. नोव्हेंबर १९०९ मध्ये असाच तो पासष्टाव्या वर्षी एकटा निघाला. ‘स्प्रे’ तोवर जुनी झाली होती. नौकेचा किंवा त्याचा पुढे काहीही मागमूस लागला नाही. १९२४ मध्ये न्यायालयाने त्याला मृत घोषित केले.